सीप्झचे नवे गणित : शिकायचे कुणी, आणि कुणाच्या वेळेत?

जुलै २०२५ च्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या एकूण मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी आर्थिक वर्षभरात कमी करण्याचे जाहीर केले. अंधेरी, पवई, बोरिवली, मुलुंड या पट्ट्यातील अनेक घरांत ही बातमी केवळ अर्थविषयक पानावरची बातमी म्हणून वाचली गेली नसणार. कपातीचा रोख मुख्यत्वे मधल्या आणि वरिष्ठ फळीवर होता. बदलत्या कामाला लागणारी कौशल्ये आणि हाताशी असलेली माणसे यांचा मेळ बसत नाही, असे कारण कंपनीने दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे काम वाचले म्हणून ही कपात नाही, असेही व्यवस्थापनाने स्पष्ट केले.

त्याआधी महिना-दीड महिना, जूनमध्ये, याच कंपनीने आणखी एक नियम लागू केला होता. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे आणि कामाविना राहण्याचे दिवस ३५ च्या पुढे जाता कामा नयेत, असा तो नियम. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतच्या या काळाला संगणक उद्योगात ‘बेंच’ म्हणतात. बेंचवरच्या माणसाचा पगार चालू असतो आणि त्याने त्या वेळात नवे काही शिकावे, अशी कंपनीचीही अपेक्षा असते. क्रिकेटच्या बारावा खेळाडूसारखी ही अवस्था मानाची कधीच नव्हती, पण शिकण्यासाठी सवड देणारी मात्र होती. ती सवड आता दिवसांच्या हिशेबात मोजली जाऊ लागली आहे.

संगणक क्षेत्रात तंत्रज्ञान झपाट्याने बदलते आणि जो शिकत राहत नाही तो मागे पडतो, हे वाक्य एव्हाना इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातला खरा प्रश्न दिसेनासा झाला आहे. तंत्रज्ञान बदलते हे खरेच. पण ते नव्याने शिकण्याचा खर्च, म्हणजे पैसा आणि त्याहून अधिक वेळ, कुणी सोसायचा? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाचे उत्तर तीनदा बदलले, आणि मुंबईच्या उपनगरांत ते बदलताना स्पष्ट दिसते.

यंत्र कंपनीचे, शिकवणीही कंपनीची

अंधेरी पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत १९७३ मध्ये ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’ म्हणजेच सीप्झ उभे राहिले. नाव सांताक्रूझचे आणि जागा अंधेरीची, हा घोळ आजही नवख्या रिक्षा प्रवाशाला गोंधळात टाकतो. निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणे हा या क्षेत्राचा मूळ उद्देश होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाटा आणि अमेरिकेतील बरोज या संगणक कंपनीने मिळून स्थापन केलेली टाटा बरोज येथे आली आणि वस्तूंबरोबर आज्ञावलीही येथून निर्यात होऊ लागली. पुढे मास्टेक, पटनी, सिंटेल अशी नावे सीप्झच्या इमारतींवर झळकली.

त्या काळी संगणक ही कुणाच्या घरी असण्याची वस्तू नव्हती. वातानुकूलित खोलीत ठेवलेले ते यंत्र कंपनीचे असे, त्याची माहितीपुस्तके कंपनीच्या कपाटात असत आणि त्यावर काम करण्याचे तास वाटून दिले जात. साहजिकच घरी बसून कोबोल शिकणे कुणालाही शक्य नव्हते. गणित, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीतला हुशार पदवीधर निवडायचा आणि त्याला कंपनीने शिकवायचे, हाच एक मार्ग होता. जुहूला असलेले नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, हा त्याला मोजका अपवाद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेले हे केंद्र १९८५ मध्ये स्वतंत्र झाले आणि २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. तेथील पदव्युत्तर पदविकेला प्रवेश मिळणे ही त्या काळी उपनगरातल्या घरांत पेढे वाटण्याजोगी गोष्ट होती.

तंत्रज्ञान तेव्हा बदलत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. किंबहुना भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीचे पहिले मोठे कामच एका तंत्रज्ञानातून दुसऱ्यात जाण्याचे होते. १९७४ मध्ये टीसीएसला बरोजकडून मिळालेल्या कामात रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरील कोबोलमधून दुसऱ्या जातीच्या यंत्रावरील कोबोलमध्ये न्यायची होती. गंमत अशी की, काम करणाऱ्यांकडे बरोजचे यंत्रच नव्हते. इंग्लंडच्या आयसीएल कंपनीचे १९०३ हे यंत्र वापरून, रूपांतर करणारी आज्ञावली लिहून त्यांनी ते पार पाडले. म्हणजे न पाहिलेल्या यंत्रासाठी, तिसऱ्याच यंत्रावर बसून केलेले हे काम. पण तो सारा वेळ कामाचाच वेळ होता आणि शिकण्याचे वेगळे बिल कुणाच्या नावावर पडत नव्हते.

स्थानकाबाहेरचे क्लास

१९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल झाले, पीसी स्वस्त होऊ लागले आणि १९९० च्या दशकात शिकण्याची जागा कंपनीतून स्थानकाबाहेर आली. अंधेरीच्या एमआयडीसीत मुख्यालय असलेले ॲप्टेक, दिल्लीहून पसरलेले एनआयआयटी आणि त्यांच्या पाठोपाठ असंख्य लहानमोठे क्लास घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या स्थानकांभोवती उगवले. महाविद्यालय सुटल्यावर सी, सी++, ओरॅकल आणि व्हिज्युअल बेसिक शिकायचे आणि फी हप्त्याने भरायची, ही त्या पिढीची ओळखीची वाट. खर्चाची जबाबदारी अशी कंपनीकडून आई-वडिलांच्या बचत खात्याकडे सरकली.

तेव्हा ते कुणाला फारसे खुपले नाही, कारण मागणीच तशी होती. वर्षाचे चार आकडे साठवण्याऐवजी दोनच साठवलेल्या जुन्या आज्ञावल्या १ जानेवारी २००० रोजी कोलमडतील, या धास्तीने जगभर दुरुस्तीची कामे निघाली. संगणकाच्या जगात तोवर म्हातारी ठरलेली कोबोल अचानक पासपोर्ट मिळवून देणारी भाषा झाली. २००० उजाडले, काम संपले, आणि त्यापाठोपाठ अमेरिकेतील डॉट-कॉमचा फुगा फुटला. केवळ कोबोलच्या जोरावर उभे असलेल्यांना तेव्हा पहिल्यांदा या उद्योगाचा दुसरा चेहरा दिसला.

तिसरा बदल इंटरनेटचा. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली; ती घरोघरी पोहोचायला पुढची दहा-बारा वर्षे लागली. भाषा बनवणाऱ्यांनीच आपली माहितीपुस्तके फुकट खुली केली, विद्यापीठांची व्याख्याने पडद्यावर आली, आयआयटींचा एनपीटीईएल उपक्रम आला. आज एखाद्या विशीतल्या मुलाकडे शिकण्याचे जेवढे साहित्य फुकट आहे, तेवढे १९८० मध्ये सीप्झमधल्या कोणत्याही कंपनीच्या कपाटात नव्हते. ही मोठीच लोकशाही झाली, यात शंका नाही. मात्र तिच्यासोबत एक गोष्ट मुकाट्याने आली. साहित्य सर्वांना उपलब्ध आहे, म्हणजे जो शिकला नाही तो आपल्या दोषाने शिकला नाही, असा अर्थ निघू लागला. यंत्र जसजसे स्वस्त झाले, तसतशी शिकण्याची जबाबदारी संस्थेकडून क्लासकडे आणि क्लासकडून एकट्या माणसाकडे आली.

एका कारकिर्दीचा आलेख

या जबाबदारीचे वजन किती असते, हे समजण्यासाठी १९९९ मध्ये नोकरीला लागलेला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक ६ ऐन भरात होते. २००२ मध्ये डॉटनेट आले, आणि त्यातले व्हिज्युअल बेसिक नावाने तेच असले तरी घडणीने इतके वेगळे होते की जुने काम जसेच्या तसे नेता येईना. २००८ मध्ये जुन्या साधनाचा आधार कंपनीने पूर्णपणे काढून घेतला. दरम्यान २००७ मध्ये सिल्व्हरलाइट आले. वेबचे भविष्य म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तेही अधिकृतपणे संपले. मधल्या काळात त्याने गूगलचे अँग्युलरजेएस शिकून घेतले असेल, तर २०१६ मध्ये त्याच नावाची नवी आवृत्ती आली तीही मुळापासून बदललेली. ज्यावर लाखो लहान मुलांचे खेळ चालत ते फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. पायथन २ चा आधार त्याच वर्षी १ जानेवारीला थांबला होता.

पंचवीस वर्षांत पाच-सहा वेळा पाटी पुसून पुन्हा श्री गणेशा. आणि पहिला श्री गणेशा विशीत, क्लासमध्ये, आईच्या हातचा डबा खाऊन झालेला. शेवटचा पंचेचाळिशीत, गृहकर्जाचे हप्ते, मुलाची दहावी आणि वडिलांचे पथ्यपाणी सांभाळून.

(सीप्झच्या पाट्याही या काळात कमी बदलल्या नाहीत. टाटा बरोज आधी टाटा युनिसिस, मग टाटा इन्फोटेक होऊन अखेर टीसीएसमध्ये गेली. पटनी २०११ मध्ये आयगेटने घेतली आणि आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने. सिंटेल २०१८ मध्ये ॲटोसकडे गेली. त्याच इमारतीत, त्याच खुर्चीवर बसून ओळखपत्र मात्र तीनदा बदललेली माणसे येथे असणे नवलाचे नाही.)

काय जुने होते, काय होत नाही

वरचा आलेख पाहून सगळेच वाहून जाते असे वाटेल. तसे होत नाही, आणि नेमके येथेच बहुतेकांचा वेळ चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. संगणकातले ज्ञान थरांनी रचलेले असते. सर्वांत वर असतात साधने : फ्रेमवर्क, त्यांच्या आवृत्त्या, पडद्यावरची बटणे. हा थर तीन ते आठ वर्षांत झिजतो. त्याखाली भाषा असतात. त्या वीस-तीस वर्षे सहज टिकतात. जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५ च्या, सी १९७० च्या दशकाच्या आरंभीची. त्याहून खाली कल्पना असतात. एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी तक्त्यांच्या रूपात करण्याची कल्पना १९७० मध्ये मांडली. तीवर उभी राहिलेली एसक्यूएल आजही बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सर्वत्र लागते. आणि सर्वांत खाली असते त्या व्यवसायाचे ज्ञान, ज्याच्यासाठी आज्ञावली लिहिली जाते.

एक साधे उदाहरण घेऊ. बँकेतल्या कर्जावरच्या व्याजाची जुनी कोबोल आज्ञावली जावात न्यायची आहे. जावाचे व्याकरण महिन्याभरात येते. पण कोबोलमध्ये रुपये-पैसे दशमान पद्धतीने मोजले जातात, तर जावातील अपूर्णांकांचा नेहमीचा प्रकार द्विमान पद्धतीचा आहे. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. दशांश चिन्हानंतर बऱ्याच शून्यांपलीकडे एक सूक्ष्म चूक राहते. एका खात्यात ती दिसत नाही. लाखो खात्यांवर रोज व्याज चढवले की ताळेबंद जुळत नाही. पैशांसाठी जावात ‘बिगडेसिमल’ हा वेगळा प्रकार वापरायचा असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो नव्या भाषेतही वाचतो. शिवाय हप्त्याची तारीख बँकेच्या सुट्टीला आली तर काय, २९ फेब्रुवारीचे काय, पैसे पूर्णांकात आणताना वर न्यायचे की खाली, हे प्रश्न कोणत्याही फ्रेमवर्कच्या पुस्तकात नसतात. ते ज्याने वीस वर्षे हाताळले, त्याचे ज्ञान जुने झाले असे म्हणणे धाडसाचे आहे.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याला याचा प्रत्यय आला. टाळेबंदीत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, राज्याच्या दशके जुन्या यंत्रणेवर ताण आला आणि गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले.

वरच्या थरातही प्रत्येक लाटेमागे धावण्याची गरज नसते. २०१८ पासून जावाची नवी आवृत्ती दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. ऐकून छातीत धडकी भरते. पण बहुतेक मोठ्या संस्था केवळ दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या वापरतात : ८, ११, १७, २१ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २५. मधल्या आवृत्त्यांची बदलसूची वाचून ठेवली तरी बहुतेकांचे भागते. हे कुणी वेळेवर सांगितले तर नव्याजुन्या अनेकांची झोप वाचेल.

प्रमाणपत्रांचेही तेच. क्लाउड सेवा देणाऱ्या कंपन्या आपापल्या परीक्षांची प्रमाणपत्रे देतात आणि त्यातील अनेकांची मुदत दोन-तीन वर्षांनी संपते. मुलाखतीचे दार उघडायला ती उपयोगी पडतात. मात्र त्यातून बहुधा वरच्या थराचेच ज्ञान मिळते, आणि ते ज्या कंपनीचे साधन तिच्याच सोयीचे असते, हे फी भरण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे.

शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार

महाविद्यालयांकडे बोट दाखवणे सोपे आहे. मुंबई विद्यापीठाने अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम २०१२, २०१६ आणि २०१९ मध्ये बदलला. सरकारी यंत्रणेच्या मानाने हा वेग वाईट नाही. तरीही २०१९ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेला विद्यार्थी २०२३ मध्ये बाहेर पडला तेव्हा काय झाले होते? त्याच्या शेवटच्या वर्षात, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, चॅटजीपीटी खुले झाले होते. चार वर्षांच्या पदवीला अशा घटनेचा पाठलाग करता येणारच नाही. खालचे थर पक्के करणे एवढेच तिच्या हाती असते.

त्यातही अडचण शिक्षकांची. पवईच्या आयआयटीतील प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातील दहा हजार शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षण देण्याचा उपक्रम झाला, तो याच जाणिवेतून. तेथीलच प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात, आणि ते इंटरनेटशिवायही चालतील अशी सोय आहे.

दहा मिनिटांचा पाठ ही कल्पना उपनगरी प्रवाशाला अधिक जवळची वाटावी. मुलुंडहून सीप्झला येणाऱ्याचा मार्ग पाहा. लोकलने घाटकोपर, तेथून २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने मरोळ नाका, तेथे पुन्हा बदलून भुयारी मेट्रोने सीप्झ. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा शेवटचा टप्पा सुरू झाल्याने धक्के कमी झाले, तरी वेळ तीन तुकड्यांत विभागलेलाच राहिला. गाडीत उभ्याने व्हिडिओ पाहता येतो. आज्ञावली लिहून, चुकवून, पुन्हा लिहून शिकता येत नाही. आणि ही विद्या हात चालवल्याशिवाय येत नाही, याबद्दल जुन्याजाणत्यांत दुमत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठीण होतो. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे बरोबर जावाच्या एका आवृत्तीचे अंतर. रजेवरून परतलेल्या अभियंतीला तांत्रिकदृष्ट्या फार मोठी दरी पार करायची नसते. एका बदलसूचीचीच काय ती बाब. अडते ते तिच्याकडे संध्याकाळी सातनंतरचा मोकळा वेळ आहे, असे गृहीत धरण्यापाशी.

नवा मदतनीस

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सांगितल्याबरोबर आज्ञावली लिहून देतात. म्हणजे शिकण्याची गरजच संपली, असा एक सूर आहे. त्याबाबत एक प्रयोग बोलका आहे. अमेरिकेतील एमईटीआर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काहींत ही साधने वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. साधनांमुळे वेळ २४ टक्के वाचेल असा त्यांचा अंदाज होता. काम संपल्यावर आपला वेळ २० टक्के वाचला असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला होता. प्रयोग लहान होता, साधने त्या वर्षाच्या आरंभीची होती आणि ती झपाट्याने सुधारत आहेत, हे मान्य करूनही वाटणे आणि असणे यांतली ही तफावत विसरण्याजोगी नाही. यंत्राने दिलेला मजकूर वाचणे, तपासणे, नाकारणे याला वेळ लागतो. आणि तो तपासता येण्यासाठी खालचे थर पक्के लागतात. व्याजाच्या उदाहरणात यंत्राने नेहमीचा अपूर्णांक वापरून दिला, तर दिसायला निर्दोष असलेली ती ओळ कोण पकडणार?

दुसरी काळजी नवशिक्यांची आहे. छोट्या चुका दुरुस्त करणे, चाचण्या लिहिणे, जुन्या आज्ञावलीत एखादा रकाना वाढवणे ही कामे आजवर नव्या मुलांना मिळत, आणि दुसऱ्याची आज्ञावली वाचण्याची सवय त्यांतूनच लागे. आता तीच कामे यंत्राकडे सर्वांत आधी जात आहेत. टाटा बरोजच्या काळात कंपनी शिकवत असे, पुढे निदान काम शिकवत असे. कामही शिकवेनासे झाले, तर दहा वर्षांनी व्याजाची ती चूक ओळखणारा माणूस कुठून आणायचा, याचे उत्तर सीप्झमधल्या कंपन्यांना आजच शोधावे लागेल. ३५ दिवसांच्या चौकटीत ते बसणे अवघड दिसते. आठवड्यातले चार-पाच तास कामाच्याच वेळेत, ग्राहकाच्या बिलाबाहेर, ज्येष्ठाच्या शेजारी बसून जुनी आज्ञावली वाचण्यासाठी राखून ठेवणे हा खर्चिक उपाय आहे. पन्नास वर्षांपूर्वी, यंत्रे महाग आणि माणसे स्वस्त असताना, तो याच वसाहतीत परवडत होता.